चार बोटांचं पातं : फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात एल्कच्या मागे

गुरुवार, निघण्याची आदली रात्र

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि कपाटातलं सगळं तिच्यावर मांडलं. चार चाकू, एक घडीची करवत, एक हातकुऱ्हाड, हिऱ्याची पूड बसवलेली निसण्याची पट्टी, पिशव्यांची गड्डी, दोर, रबरी हातमोजे. उद्या पहाटे डेन्व्हरहून निघायचंय. बंदूक दोन आठवड्यांपूर्वीच मैदानावर नेऊन शंभर यार्डांवर तपासून आणली, नारिंगी जाकीट आणि टोपी पिशवीत गेली. राहिलाय तो या चादरीवरचा प्रश्न, यातलं काय न्यायचं, आणि महिनाभर मी त्यातच अडकलोय.

कोलोराडोत ऑक्टोबरच्या शेवटी रायफलचा दुसरा हंगाम लागतो, नऊ दिवसांचा. एल्क म्हणजे हरणाच्या कुळातलं भलंमोठं जनावर. मादी एल्कच्या परवान्यासाठी मी एप्रिलमध्ये अर्ज केला होता आणि यंदा सोडतीत नाव निघालं. याआधी शेजारच्या काकांबरोबर दोनदा हरणाच्या मागे गेलो, एकदा मिळालं. ते जनावर आम्ही दोघांनी ओढत गाडीपर्यंत आणलं, अंगणात झाडाला टांगलं आणि निवांतपणे सोललं. एल्कचं तसं होत नाही. पूर्ण वाढलेली मादी सव्वादोनशे किलोच्या घरात जाते, नर तीनशेच्या पुढे. दोन माणसांना तिची कूस बदलायची म्हटलं तरी दम लागतो. ती जिथे पडेल तिथेच तिचे भाग करायचे आणि पाठीवर वाहून आणायचे. शिवाय आम्ही चाललोय ते फ्लॅट टॉप्सचं रान राखीव आहे. तिथे मोटार तर नाहीच, चाकाची ढकलगाडीसुद्धा नेता येत नाही. म्हणजे जे हत्यार नेऊ ते पाठीवर जाणार आणि मांसाच्या ओझ्याबरोबर पाठीवरच परत येणार.

काका संध्याकाळी येऊन गेले. सुतारकाम करून निवृत्त झालेत, पंचाहत्तरीला टेकलेत आणि बाराव्या वर्षापासून शिकारीला जातात. मी त्यांना त्यांच्या नावानेच हाक मारतो, पण घरी आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांनी चादरीवरचं प्रत्येक हत्यार हातात घेऊन पाहिलं. बोलले थोडंच.

पहिला चाकू माझा घडीचा, पितळी टोकांचा आणि लाकडी मुठीचा. साठच्या दशकापासून अमेरिकेत घराघरात दिसणारी ही घडण. दिसायला देखणा, कमरेला शोभतो. काकांनी पातं उघडून बिजागरीच्या फटीत नख घातलं. "इथे चरबी जाते, केस जातात, रक्त वाळतं. रात्री डोंगरावर हे कसं साफ करशील?" चाकू बाजूला गेला.

दुसरा होता पाठीवर आकडा असलेला. हा आकडा कातड्याखाली घालून ओढला की कातडं चेन उघडल्यासारखं उघडतं आणि टोक आतड्याला लागत नाही. कल्पना चांगली आहे. पण आकड्याच्या आतल्या बाजूला सपाट पट्टी पोचत नाही, त्यासाठी गोल काडी लागते. शिवाय एल्कचे केस जाड आणि पोकळ असतात. दहा वेळा ओढलं की आकड्यात त्यांचा गुंता बसतो. हरणाला चालेल, म्हणाले.

तिसरा अदलाबदलीच्या पात्यांचा. पातं शस्त्रक्रियेच्या सुरीसारखं पातळ, सात सेंटिमीटरचं. बोथट झालं की काढून टाकायचं आणि नवं बसवायचं. निसायची भानगडच नाही. वजन नावापुरतं. हल्ली इथल्या तरुण शिकाऱ्यांच्या पिशवीत हाच असतो, आणि माझा जीव याच्यावरच बसला होता. काकांनी तो घेऊन पातं अंगठ्याने किंचित वाकवलं. ते वाकलं. "कातड्याला उत्तम," म्हणाले. "सांध्यात घालू नकोस." मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. त्याचा हिशेब सोमवारी झाला.

चौथा अगदी साधा. अखंड पोलादाचा, पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, लांबी बरोबर चार बोटं आडवी, टोक पाठीकडून खाली झुकलेलं. मूठ खरबरीत नारिंगी रबराची. टोक असं झुकलेलं असलं की पोटाच्या पडद्याखाली चाकू सरकवताना ते आतड्यात घुसत नाही. आणि आतडं फुटलं तर जवळचं मांस नासलंच. लांब पात्याचा तोटाही तोच, की टोक कुठे आहे ते हाताला कळत नाही. चार बोटांचं पातं असलं की तर्जनी त्याच्या पाठीवर ठेवता येते आणि कातडं, पडदा, स्नायू यांतला फरक बोटाला कळतो. नारिंगी रंगाचं कारण अंधारात आणि बर्फात चाकू खाली ठेवून बघितल्यावर समजतं.

पोलादाबद्दल मी बरंच वाचलं होतं. पावडर पद्धतीने बनवलेलं एस३०व्ही हे २००१ च्या सुमारास खास चाकूंसाठी आलं. रॉकवेलच्या मोजमापात ते साठच्या आसपास कठीण असतं आणि त्याची धार अख्खं जनावर सोलून होईपर्यंत टिकते. पण एकदा गेली की रानात ती परत आणणं जिकिरीचं. त्यामानाने ४२०एचसी मऊ. धार लवकर उतरते, पण छोट्या पट्टीवर पाच-दहा वेळा घासलं की परत येते. स्वीडनमधल्या मोरा गावचे साध्या कार्बन पोलादाचे चाकू तर त्याहून लवकर लागतात, फक्त रक्त तसंच राहिलं की सकाळपर्यंत गंज धरतात. माझा नारिंगी मुठीचा ४२०एचसीचा आहे. कराडजवळच्या आमच्या गावी लोहार कोयत्याला पाणी द्यायचा तेव्हा आजोबा बजावायचे, फार कडक करू नकोस, उसाच्या फडात पाजवता आला पाहिजे. तोच विचार इथे पुन्हा करावा लागला.

रात्री माझा कोल्हापूरचा मित्र मुक्कामाला आला. त्याच्याकडे परवाना नाही, तो ओझं वाहायला येतोय. त्याने वीतभर पात्याचा, जाड पाठीचा सुरा आणला होता. तो म्हणाला, "भावा, एवढ्या मोठ्या जनावराला एवढंसं पातं पुरेल काय?" अकरा वाजेपर्यंत यावरच बोलत बसलो. शेवटी पिशवीत गेले नारिंगी मुठीचा चाकू, अदलाबदलीच्या पात्यांचा चाकू, निसण्याची पट्टी आणि वापरलेली पाती टाकायला झाकणाची डबी. करवत, कुऱ्हाड आणि सुरा गाडीत ठेवायचे, तळावर लाकडं फोडायला.

शुक्रवार : डेन्व्हर ते ब्युफर्ड

पहाटे पाचला निघालो. आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर बोगदा ओलांडला. तिथली उंची ३,४०० मीटर, कानात दडे बसतात. मग कोलोराडो नदीच्या कडेने ग्लेनवूडचा घाट उतरून रायफल नावाच्या गावात डिझेल भरलं आणि उत्तरेला वळून मीकर गाठलं. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, १९०१ च्या हिवाळ्यात, डोंगरी सिंहांच्या, म्हणजे प्यूमांच्या, शिकारीला याच भागात आले होते. मीकरपासून व्हाइट नदीच्या कडेने ब्युफर्डपर्यंत गवताच्या गंजी, तारेची कुंपणं आणि पानं झडलेले कॉटनवूड.

गाडीत मित्राने तोच प्रश्न काढला, जो गावाकडून प्रत्येक जण फोनवर विचारतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार म्हणजे गुन्हा, आणि तू हे करतोस? मला त्याचं वाईट वाटत नाही, प्रश्न खराच आहे. आपल्याकडे रानं आणि जनावरं ज्या अवस्थेला पोचली होती तिथे तो कायदा हवाच होता, आजही हवा. इथेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्क जवळजवळ संपले होते. बाजारात मांस विकणाऱ्यांनी कळपच्या कळप मारले होते. वायोमिंगमधून एल्क आणून इथल्या डोंगरात सोडले, शिकारीवर बंधनं घातली, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळू लागला. रायफलवर तो अकरा टक्के आहे. आज अमेरिकेत सगळ्यात जास्त एल्क कोलोराडोत आहेत, आणि किती परवाने द्यायचे ते दरवर्षी भागाभागाने ठरतं. माझ्यासाठी यात आणखी एक अट आहे, आणि ती इथल्या कायद्यातही आहे : मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून यायचं नाही. चारही पाय, पाठीच्या पट्ट्या आणि कण्याच्या आतलं मऊ मांस, एवढं तरी बाहेर आणलंच पाहिजे. ज्याला ते आणायची तयारी नाही त्याने गोळी झाडू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून बंदुकीपेक्षा जास्त वेळ मी चाकूंवर घालवला.

तळ २,७०० मीटरवर पडला. काकांचा कापडी तंबू, आत पत्र्याची चूल. रात्री पाण्याचे कॅन गोठले.

शनिवार आणि रविवार

दोन्ही दिवशी काही नाही. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढी वेळ गोळी झाडायला मुभा, आणि तो सगळा वेळ आम्ही उतारांवर बसून दुर्बिणीतून बघत होतो. हे डोंगर नावाप्रमाणेच माथ्यावर सपाट. १९४० च्या दशकात भुंग्यांनी इथले स्प्रूस मारले, त्यातले करडे सांगाडे अजून उभे आहेत आणि त्यांच्या मधून नवी झाडं वर आलीत. शनिवारी दोन नर दिसले, माझा परवाना मादीचा. रविवारी दुपारी बर्फ भुरभुरलं आणि ओल्या मातीत ताजे खूर सापडले, पाच-सहा जनावरांचे, पाण्याकडून अॅस्पनच्या झाडीकडे गेलेले.

रविवारी रात्री काकांनी आपला चाकू दाखवला. वडिलांनी त्यांना दिलेला, लाकडी मुठीचा. पातं निसून निसून निम्म्यावर आलेलं, मधे किंचित आत गेलेलं, आमच्या आजीच्या विळीचं आलं होतं तसंच. पन्नासच्या वर एल्क आणि त्याहून जास्त हरणं त्याने सोलली आहेत. चुलीच्या उजेडात त्यांनी तो पट्टीवर घासला, एका बाजूने चार, दुसऱ्या बाजूने चार, कोन साधारण वीस अंशांचा. मग कमरेच्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढला. शेवटी पात्याची कड अंगठ्याच्या नखावर टेकवली. घसरली तर बोथट, अडकली तर धार. अडकली. माझ्या चाकूवर त्यांनी तीच परीक्षा घेतली तेव्हा टोकाजवळ घसरला. अर्धा तास मला घासायला लावलं.

सोमवार

संध्याकाळी पाच चाळीसला त्या अॅस्पनच्या कडेला चार माद्या बाहेर आल्या. अंतर काकांनी मोजलं, १६० मीटर. सगळ्यात पुढची उभी राहिली, आडवी. मी श्वास सोडला आणि गोळी झाडली. ती पन्नास पावलं पळाली आणि झाडीच्या तोंडाशी कोसळली. आम्ही पंधरा मिनिटं जागचे हललो नाही. मग जवळ गेलो. मी मानेवर हात ठेवला. केस उबदार, ओले. काही वेळ कुणी बोललं नाही.

आधी परवान्याची चिठ्ठी : सही, तारीख, जनावराला बांधायची. मग काकांनी वर बघितलं. सूर्य गेला होता. जनावराच्या अंगातली ऊब हीच आता आमची शत्रू. एवढ्या जाड कातड्याखाली, विशेषतः मांडीच्या हाडापाशी, ती बाहेर गोठण असली तरी रात्रभर कोंडून राहते आणि मांस हाडाला लागून आंबतं. म्हणून कातडं लगेच उतरवायचं.

पोट न उघडता काम करायचं ठरलं. इथले डोंगरातले शिकारी हल्ली बहुधा असंच करतात : जनावर एका कुशीवर, वरची बाजू पूर्ण सोलायची, पुढचा फरा काढायचा, मागचा पाय काढायचा, पाठीची पट्टी काढायची, मानेचं आणि बरगड्यांचं मांस काढायचं, मग कूस पालटून दुसरी बाजू. आतडी आतच राहतात, मांसाला घाण लागत नाही आणि करवत लागतच नाही. करवत मागे ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे इथल्या हरणांत आणि एल्कांत पसरलेला खंगत नेणारा रोग. १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सला बंदिस्त हरणांत तो पहिल्यांदा दिसला, १९८१ मध्ये रानातल्या एल्कमध्ये. तो जंतूंमुळे होत नाही. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि ते मेंदूत नि पाठीच्या कण्यात साठतं. कण्यावर करवत चालवली की तोच भुसा मांसावर उडतो. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, तरी लागण झालेलं मांस खाऊ नका असंच आरोग्य खातं सांगतं.

मागचा पाय दोराने झाडाला बांधला, म्हणजे तो हवेत राहिला आणि मित्राचे हात मोकळे झाले. पहिला काप मी पाठीच्या कण्यावर दिला. कातडं वरून कापायचं नसतं हे काकांनी आधीच सांगितलं होतं. एक छोटं भोक पाडायचं, मग चाकू त्यात उलटा घालायचा, धार आभाळाकडे, आणि आतून बाहेर कापत जायचं. एल्क चिखलात लोळतात, त्यांच्या केसांत वाळू बसलेली असते आणि वरून कापलं तर दोन हातांवर धार जाते. आतून कापलं की केस फक्त बाजूला होतात. इथे अदलाबदलीचं पातळ पातं लोण्यासारखं चाललं. कातडं आणि मांस यांच्या मधे एक पांढरा, ओलसर पडदा असतो. पात्याचं पोट त्याला नुसतं टेकवलं की तो आपोआप सुटत जातो आणि डाव्या हाताने कातडं ओढत राहायचं. विजेरीच्या उजेडात त्या पडद्यावर निळसर झाक दिसत होती. वीस मिनिटांत एक बाजू उघडी झाली, तिच्यातून वाफ निघत होती.

पुढचा फरा काढताना मला पहिल्यांदा शरीराची रचना हाताला समजली. पुढच्या पायाला खांद्याशी हाडाचा सांधाच नाही. फऱ्याचं हाड बरगड्यांवर नुसत्या स्नायूंनी धरलेलं असतं. मित्राने पाय वर उचलला, मी खालून चाकू फिरवत गेलो आणि अख्खा फरा त्याच्या हातात आला. एवढंसं पातं पुरेल काय, हा त्याचा गुरुवारचा प्रश्न. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "इथं तोडायला काही नाहीच की रे."

मागच्या पायाला मात्र सांधा आहे, उखळीचा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसलेला, आणि खोबणीच्या तळाशी एक आखूड, चिवट दोरी त्याला धरून ठेवते. मांस कापत मी तिथवर पोचलो. हातात तेच पातळ पातं होतं. चाकू बदलायचा तर हातमोजे रक्ताने निसरडे, नारिंगी चाकू पाच पावलांवर. मी टोक खोबणीत घातलं आणि दोरी तोडायला मनगट फिरवलं. टक् असा आवाज आला. पात्याचा पुढचा भाग गेला होता.

काकांनी काम थांबवलं. मोठ्याने बोलले नाहीत. "तो तुकडा मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही," एवढंच. मांसात राहिलेला पोलादाचा तुकडा पुढे कुणाच्या तरी ताटात गेला असता. तिघांच्या विजेऱ्या एकाच जागी लावल्या. मी हात बाजूला ठेवले, कारण चाचपून शोधायला गेलं तर बोटच चिरलं असतं. काकांनी चिमट्याने मांसाचे थर एकेक करून बाजूला केले. जवळपास दहा मिनिटं गेली. हाडाचा गोळा पांढरा, चकचकीत, त्यावर विजेरीचा उजेड पडून डोळे फसत होते. शेवटी मित्राला खोबणीच्या कडेला, स्नायूच्या मुळाशी, एक सरळ रेघ दिसली. निसर्गात एवढी सरळ रेघ नसते. एक सेंटिमीटरचा तुकडा. काकांनी तो चिमट्याने काढला, तुटलेल्या पात्याला जोडून पाहिला, कडा जुळल्या, तेव्हा डबीत टाकला. आसपासचं मूठभर मांस त्यांनी तरीही कापून टाकलं.

मग त्यांनी स्वतःचा चाकू माझ्या हातात दिला. त्या झिजलेल्या पात्याला जोर लावावाच लागला नाही. टोक खोबणीत सरळ घातलं, न पिळता. मित्राने पाय बाहेर ओढून धरला, दोरी ताणली गेली आणि पातं टेकताच तुटली. पाय सुटला. चूक चाकूच्या जातीची नव्हती, ती माझी होती. कातड्यासाठी केलेलं पातं मी सांध्याला वापरलं. पण हेही खरं की थकव्यात, अंधारात, गारठ्यात हात जवळ असेल तेच हत्यार घेतो. म्हणून आता माझं मत पक्कं आहे की पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच अखंड पोलादाचा चाकू न्यावा आणि तो रानात निसायला शिकून जावं. पातळ पात्यांचा चाकू नंतर, हात बसल्यावर.

दुसरी बाजू नारिंगी मुठीच्या चाकूने केली. दोनदा धार उतरली, दोनदा पट्टीवर घासली, नखावर अडकली, पुन्हा काम. शेवटच्या बरगडीच्या मागे छोटा काप देऊन हात आत घातला आणि कण्याखालच्या मऊ मांसाच्या दोन पट्ट्या बोटांनीच सोडवल्या. मादी असल्याची खूण कायद्याप्रमाणे एका मागच्या पायाला नैसर्गिकरीत्या जोडलेलीच ठेवली. मांड्यांचं मांस हाडाच्या कडेने चिरून उघडं केलं, ऊब निघून जावी म्हणून.

पिशव्यांनाही मी हत्यारच मानतो. विरळ विणीच्या, हवा खेळणाऱ्या, माशी आणि माती रोखणाऱ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम मांस घातलं की ते स्वतःच्या घामात शिजतं. चार पाय चार पिशव्यांत, सुटं मांस दोनमध्ये. काळ्या अस्वलांचा वावर आहे, म्हणून सगळ्या पिशव्या सांगाड्यापासून दूर दोनशे पावलांवर फांदीला टांगल्या. साडेदहाला तळाकडे निघालो. पाठीवर पाठीच्या पट्ट्या, मऊ मांस आणि डोकं, बाकीचं उद्या.

मंगळवार : ओझं

टांगलेलं मांस सकाळी दगडासारखं थंड, वरून कोरडी साय धरलेलं. सांगाड्यावर डोमकावळे आणि काळे-पांढरे मॅगपाय बसले होते. तळ ते जागा तीन किलोमीटर, मधे दोन ओढे आणि आडव्या पडलेल्या स्प्रूसच्या खोडांचा पट्टा. मागचा एक पाय हाडासकट वीस किलोच्या वर भरतो. काकांना आम्ही फक्त सुटं मांस दिलं. मित्राने आणि मी दोन दोन खेपा केल्या. ओझं दोन्ही खांद्यांवर न घेता कमरेच्या पट्ट्यावर घ्यायचं आणि मांस पाठीशी जितकं वर आणि जवळ बांधता येईल तितकं बांधायचं, हे दुसऱ्या खेपेला कळलं. हातात चालायच्या काठ्या नसत्या तर ओलांडलेल्या प्रत्येक खोडावर मी पडलो असतो.

कुऱ्हाडीचा उपयोग संध्याकाळी झाला, चुलीसाठी. मित्राच्या सुऱ्याने त्याने कांदा चिरला. मऊ मांसाची एक पट्टी काकांनी लोणी आणि मिठावर भाजली. मित्राने घरून आणलेला कांदा-लसूण मसाला दुसऱ्या तुकड्याला लावला. काकांनी तो खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, दुसरा मागितला.

बुधवार : परत

डोकं मीकरच्या वन्यजीव कार्यालयात तपासणीला दिलं. घशामागच्या लसिका ग्रंथी काढून त्या खंगणाऱ्या रोगासाठी तपासतात. निकाल येईपर्यंत उरलेल्या मांसाला आता हात लावायचा नाही, गोठवून ठेवायचं.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. मांस फ्रीजरमध्ये, आणि मग टेबलावर तीच चादर. चाकू आधी साबणाने आणि दातांच्या ब्रशने घासले, मुठीच्या कडेतला कण न् कण काढला. प्रायॉन साध्या उकळत्या पाण्याने मरत नाही. पोलादावर घरगुती ब्लीचचं चाळीस टक्के द्रावण पाच मिनिटं ठेवलं तर ते निकामी होतं असं प्रयोगात दिसलंय, पण मांसाचा तुकडा चिकटलेला राहिला तर त्याच्या आत ते पोचत नाही. म्हणून घासणं आधी. रबरी मुठीचा चाकू आख्खा बुडवला, धुतला, पुसला, तेलाचा हात फिरवला.

काकांचा चाकू मी मागून घेतला होता, मीच साफ करतो म्हणून. लाकडी मूठ त्या द्रावणात बुडवून चालणार नव्हतं. बाटली उतरती धरून फक्त पातं आत सोडलं, मूठ वर हाताने धरून ठेवली आणि घड्याळाकडे बघत पाच मिनिटं उभा राहिलो. मग पट्टीवर घासला, एका बाजूने चार, दुसऱ्या बाजूने चार. जास्त नाही, त्या पात्यात आता घालवायला पोलाद फारसं उरलेलं नाही.

निकाल दोन आठवड्यांनी आला, रोग आढळला नाही. त्याच संध्याकाळी मांडीच्या मांसाचं एक पाकीट फ्रीजरमधून बाहेर काढून ठेवलं आणि काकांच्या दारावर थाप मारली, चाकू परत द्यायला. त्यांनी तो म्यानातून काढला, नखावर टेकवला आणि परत माझ्याकडे दिला.

"पुढच्या हंगामापर्यंत तुझ्याकडे राहू दे," म्हणाले.